भूत फिल्मवर उमटत नाही, विटाळही नाही!

कोणत्याही गावात जा आणि जुन्या माणसांना विचारा, "इथं भुताची जागा कोणती?" बोटे ज्या ठिकाणांकडे जातात ती ठरलेली असतात. स्मशान, मेलेली ढोरे सोलायची जागा, वेशीबाहेरची पडकी विहीर, ओढ्याकाठचा पिंपळ. आता दुसरा प्रश्न विचारा. या जागांच्या सर्वांत जवळ कोणाची घरे होती? इथे सांगणारा जरा अडखळतो. कारण उत्तर महारवाडा, मांगवाडा असे असते. मेलेली ढोरे ओढायची कोणी? महाराने. मयताचा सांगावा घेऊन रात्रीबेरात्री परगावी जायचे कोणी? महाराने. वेशीची राखण करायची कोणी? तीही महारानेच. गावाने आपली भीती आणि आपली घाण एकाच दिशेला ढकलली आणि त्याच दिशेला आपल्या आजा-पणजांना राहायला लावले. भुताटकीचा नकाशा आणि जातीचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहा, बहुतेक ठिकाणी रेषा जुळतील.

आणि भुतांची तरी जात सुटली आहे का? ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा. मुंज झाली पण लग्नाआधी मेला तो मुंजा. खवीस मुसलमानाचा. बाळंतपणात मेलेली बाई म्हणजे हडळ. मेल्यानंतरही वर्ग पाडायचे सोडले नाही अशी ही व्यवस्था आहे! बाळंतिणीला वेळेवर औषधपाणी का मिळाले नाही, हा प्रश्न गावाने विचारला नाही. तिला हडळ करून पिंपळावर बसवले, की प्रश्न मिटला. भूत म्हणजे न दिलेल्या उत्तराला ठेवलेले नाव, असे मला वाटते.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला लुई ड्युमाँ हा फ्रेंच अभ्यासक होता. १९६६ साली आलेल्या 'होमो हायरार्किकस' या ग्रंथात त्याने जातिव्यवस्थेचा पाया शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पनेत शोधला. या अशुद्धतेसाठी इंग्रजी अभ्यासक जो शब्द वापरतात तो 'पोल्यूशन'. नदीत कारखान्याचे पाणी सोडले तरी 'पोल्यूशन' आणि महाराची सावली पडली तरी 'पोल्यूशन'. मराठीत आपण दोन शब्द ठेवले, प्रदूषण आणि विटाळ. पण या दोन शब्दांशी समाज कसा वागला ते बघा. विटाळ कशाने मोजता येत नाही, त्याची प्रयोगशाळा नाही, त्याचे एकक नाही. तरी तो शेकडो वर्षे आख्ख्या गावाला लख्ख दिसत होता. प्रदूषण मोजता येते, बाटलीत भरून तपासायला पाठवता येते. तरी ते शहराला दिसत नाही. जे नाही ते दिसते आणि जे आहे ते दिसत नाही, अशी नजर आपोआप तयार होत नसते. ती तयार करावी लागते.

ही नजर कशी चालते हे समजून घ्यायला मी दोन वर्षांपासून एक वेगळेच काम करतो आहे. वस्तीतले काम सांभाळून, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड फिल्म घालून मी या शहराच्या नद्या, नाले, कचऱ्याच्या जागा आणि 'भुताची' म्हणून टाळलेल्या जागा यांचे फोटो काढतो. काही सहकाऱ्यांना हा शौक वाटतो. म्हणून आधी ही फिल्म काय करते ते सांगतो.

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्याच्या पलीकडे लाल रंगाच्या पुढचा, अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश असतो. इन्फ्रारेड फिल्मला त्यातला जवळचा भाग टिपता येतो. लेन्ससमोर असे फिल्टर लावायचे, की ते ७२० नॅनोमीटरच्या आसपासपासून पुढचाच प्रकाश आत सोडेल. ही काच हातात घेतली तर काळी ठिक्कर दिसते. तिच्यातून डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून आधी चौकट ठरवायची, मग फिल्टर लावायचे आणि पुढे अंदाजाने काम करायचे. भर उन्हातही पाव-अर्धा सेकंद फिल्मला उजेड द्यावा लागतो. जुन्या लेन्सवर लाल रंगाची एक छोटी खूण असते. इन्फ्रारेडसाठी फोकस किती सरकवायचा ते ती सांगते. रोल मी घरीच, रात्री न्हाणीघरात धुतो.

निगेटिव्हवरून फोटो तयार झाला की जग उलटे झालेले असते. हिरवी झाडे पांढरी शुभ्र, आकाश काळे, पाणी काळे. पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, पण पानाच्या आतली पेशींची रचना इन्फ्रारेड प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. म्हणून जिवंत पान चमकते. पाणी मात्र हा प्रकाश गिळून टाकते. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली असे फोटो पहिल्यांदा प्रसिद्ध केले. झाडे अशी पांढरी दिसण्याला आजही 'वुड इफेक्ट' म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराने या गुणाचा उपयोग करून घेतला. तोडलेल्या फांद्यांनी किंवा हिरव्या रंगाच्या कापडाने झाकलेला रणगाडा विमानातून डोळ्याला हिरवाच दिसतो, पण या फिल्मवर खोटा हिरवा आणि जिवंत हिरवा वेगळे पडतात. त्यातूनच कोडॅकची 'एरोक्रोम' ही रंगीत इन्फ्रारेड फिल्म पुढे आली. तिच्यात झाडे लाल-गुलाबी येतात. कंपनीने २००९ च्या सुमारास ती बंद केली. आयर्लंडचा छायाचित्रकार रिचर्ड मॉसे याने उरलेले रोल मिळवून पूर्व काँगोमधले युद्ध गुलाबी रंगात दाखवले आणि २०१३ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिकात ते काम जगापुढे आले. ज्या युद्धाच्या बातम्या वाचून जग कंटाळले होते, त्याकडे लोक पुन्हा थांबून पाहू लागले.

आपल्या देशातला पहिला प्रयोग त्याहून मोलाचा आहे. १९७० च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी केरळात नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर फिरवून अशाच फिल्मवर फोटो घेतले. माडांना मूळकुजीसारखा एक रोग पोखरत होता. झाड वरून धड दिसत असतानाच फिल्मवर त्याचा रंग बदललेला आढळत होता. रोग आत आहे, पण डोळ्याला झाड हिरवेच दिसते आहे. जातीबद्दल "आता कुठं राहिली?" म्हणणाऱ्यांना मी हे माडाचे उदाहरण हमखास देतो.

आता भुतांकडे येऊ. आपली अनेक पोरे मोबाइलवर रात्री-बेरात्री भूत शोधण्याचे व्हिडिओ बघतात. त्यात "इन्फ्रारेड कॅमेऱ्यात आत्मा दिसला" म्हणून पांढरे गोळे तरंगताना दाखवतात. मित्रांनो, त्या कॅमेऱ्याला स्वतःचा इन्फ्रारेड दिवा असतो. लेन्सच्या अगदी जवळून जाणारी धूळ किंवा चिलटे त्या दिव्यात उजळतात आणि फोकसबाहेर असल्यामुळे गोल दिसतात. आत्मा वगैरे काही नाही. मी पडक्या विहिरींपाशी, स्मशानात, ढोरे टाकायच्या जुन्या जागेवर रोल संपवले. फिल्मवर गवत आले, दगड आले, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. भूत आले नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच वर्षी या राज्याला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. एवढी किंमत मोजून मिळालेला विवेक आपण मोबाइलच्या करमणुकीत घालवायचा का?

माझ्या गावात एक पिंपळ आहे. मुंजाचा म्हणून संध्याकाळनंतर त्याच्याखालून कोणी जात नसे. आमचे आजोबा मात्र १९५६ नंतर तिथेच बसत. तथागतांना ज्या झाडाखाली ज्ञान झाले ते झाड भुताचे कसे, असा त्यांचा साधा सवाल होता. त्या पिंपळाचा इन्फ्रारेड फोटो मी घरात लावला आहे. काळ्या आकाशाखाली पान न् पान पांढरे झालेले आहे. झाड तेच आहे. गावाला त्यात मुंजा दिसला, आजोबांना बोधिवृक्ष दिसला आणि फिल्मला हिरवी पाने दिसली. नजरेचे राजकारण काय असते हे शिकायला मला ड्युमाँच्या आधी तो पिंपळ होता.

आणि पाणी? बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दौलताबादचा प्रसंग सांगितला आहे. १९३४ साली ते सहकाऱ्यांबरोबर किल्ला पाहायला गेले. प्रवासाने धूळ बसलेली, म्हणून दाराजवळच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून एक म्हातारा ओरडत आला, गर्दी जमली आणि हमरीतुमरी झाली. पुढे किल्ल्यात फिरताना कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर बरोबर हत्यारबंद शिपाई दिला गेला. हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस मुसलमानालाही अस्पृश्य ठरतो, हे सांगायला बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला. आपल्या शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर हे घडले आहे. त्याच्या सात वर्षे आधी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर आपण पाणी प्यालो, तर तळे 'शुद्ध' करायला त्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतले. आज कोणत्याही प्रयोगशाळेला विचारा, त्या दिवशी तळे कोणी दूषित केले?

पावसाळ्यात दौलताबादच्या किल्ल्यात साचलेल्या पाण्याचा मी फोटो घेतला. काळे आले. शहरातल्या पाणपोईच्या हौदाचे पाणीही काळेच आले. कोणाचा हात लागला याची नोंद पाणी ठेवत नाही आणि फिल्मही ठेवत नाही. भूत उमटत नाही तसा विटाळही उमटत नाही.

इथपर्यंतचे सगळे आपल्याला आवडणारे आहे. पण लेखाचा खरा मुद्दा पुढे आहे, आणि तो मला क्रांती चौकात शिकायला मिळाला.

शहरातल्या नाल्याकाठच्या एका वस्तीला जागा खाली करण्याची नोटीस आली होती. कारण दिले होते सुशोभीकरणाचे. वस्तीतल्या लोकांनी क्रांती चौकात धरणे धरले. ही जागा आपल्या ओळखीची आहे. नामांतरापासून आजपर्यंत किती मोर्चे इथून निघाले! १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातल्या बंडखोर शिपायांना इंग्रजांनी या शहरात ठार मारले. चौकातला काळा चबुतरा ही त्या मरणाची जागा मानली जाते आणि चौकाला क्रांतीचे नाव त्यावरूनच आहे. खरे तर भुताची जागा म्हणून टाळायला याहून योग्य ठिकाण नव्हते. पण या शहराने तिथे भूत बसवले नाही, तिथे आपण घोषणा द्यायला जमतो. मेलेल्यांची आठवण ठेवण्याची ही रीत मला मान्य आहे.

धरण्याच्या मांडवाला दोरी बांधून मी कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लटकवले होते. उड्डाणपुलावरून गाड्या चालल्या होत्या, खाली लोक फोटो बघत होते. वस्तीतला सातवी-आठवीचा एक मुलगा एका फोटोपुढे थांबला. म्हणाला, "दादा, ह्याच्यात तर आपला नाला लई भारी दिसायलाय. बर्फ पडल्यावानी."

खरेच होते. तो फोटो सगळ्यांत सुंदर होता. नाल्यावर जलपर्णी पसरली होती, काठाने बेशरम आणि वेडी बाभूळ माजली होती, आणि फिल्मवर हे सगळे चांदीसारखे चमकत होते. त्याच्या मागे उभी असलेली एक मावशी म्हणाली, "फोटूला वास येत न्हाई ना बाबा, म्हून भारी."

या एका वाक्यात सगळा सिद्धांत आला. जलपर्णीला सांडपाण्यातली नत्र आणि स्फुरद ही खते मिळतात, म्हणून पाणी जितके घाण तितकी ती तजेलदार. इन्फ्रारेड फिल्म पान जिवंत आहे की नाही एवढेच सांगते. ते पान काय पिऊन जगते हे सांगत नाही. १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए हा भारताचा दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला, तेव्हापासून आपले स्वतःचे उपग्रह याच जवळच्या इन्फ्रारेड प्रकाशात जमीन पाहत आहेत. पिकांचे, जंगलांचे अंदाज त्यावर निघतात आणि ते उपयोगाचेही आहेत. पण त्या नकाशावर नुसता हिरवेपणा मोजला, तर सर्वांत सडलेला नाला सर्वांत निरोगी दिसेल. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात हजारो माणसे मारणाऱ्या कारखान्याच्या आवारात पुढे झुडपे माजली, आणि त्याच परिसरात जमिनीखालचे पाणी विषारी निघाले. फोटोत तिथे फक्त हिरवळ दिसते.

आपल्या शहराचेच बघा. खाम आणि सुखना या दोन नद्यांना आपण नाले करून टाकले. घरांचे सांडपाणी, वसाहतींचे पाणी त्यांत जात राहिले. खाम पुढे नाथसागराला मिळते, आणि शहर पिण्याचे पाणी आणते ते त्याच नाथसागरातून. विटाळाच्या व्यवस्थेने गावात दोन पाणवठे केले होते. नदी दोन पाणवठे करत नाही. जे वर सोडाल ते फिरून आपल्याच नळाकडे येणार. नारेगावला वर्षानुवर्षे शहराचा कचरा पडत होता. आसपासच्या गावांनी २०१८ च्या फेब्रुवारीत गाड्या अडवल्या, तेव्हा कचरा शहराच्या रस्त्यांवर, चौकांत साचला आणि शहराला तो पहिल्यांदा दिसला. मार्चमध्ये मिटमिट्याला लोक रस्त्यावर आले, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. कचरा त्याआधीही तेवढाच होता. फक्त तो दुसऱ्याच्या दाराशी होता.

आणखी एक गोष्ट कोणत्याही फिल्मवर येत नाही. ती म्हणजे गटारातला हायड्रोजन सल्फाइड. जास्त प्रमाण झाले की त्याचा वासही कळेनासा होतो आणि उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी आणणारा कायदा २०१३ चा आहे. अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तरी माणसे उतरतात आणि मरतात. त्यांच्या जाती मोजायला कोणता कॅमेरा लागतो? वस्तीतल्या पोरालाही ते उत्तर तोंडपाठ आहे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. यंत्र तटस्थ असते, पण त्याचा अर्थ लावणारा तटस्थ नसतो. विटाळ खोटा आहे हे सिद्ध करायला फिल्म पुरेशी आहे. प्रदूषण सिद्ध करायला ती पुरेशी नाही. तिथे फोटोसोबत त्या जागेवर राहणाऱ्या माणसाची साक्ष लागते. आपल्या धम्माचे एक लक्षण 'एहिपस्सिको' असे सांगितले आहे, म्हणजे ये आणि स्वतः पाहा. वरून पाहा असे म्हटलेले नाही. 'ये' हा शब्द आधी आहे.

सुशोभीकरणाला माझा विरोध नाही. नदी स्वच्छ व्हावी असे तिच्या काठावर राहणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला वाटणार? पण नदीत सांडपाणी सोडणारी पाइपलाइन तशीच ठेवायची, काठावरची पत्र्याची घरे उठवायची, झाडे लावून फोटो काढायचे आणि नदी सुधारली म्हणायचे, हे तळ्यात गोमूत्र ओतण्यासारखेच आहे. घाण कोणी केली याचा हिशेब न करता कोण उठणार ते ठरले, तर तो जुना विटाळच नव्या कागदावर लिहिलेला असतो.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते मला म्हणतात, "एका रोलच्या पैशात पन्नास पत्रके छापली असती. पोरांना वकील कर, कलेक्टर कर, फोटोग्राफर कशाला?" त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. एका रोलला मजुराची दोन दिवसांची हजेरी जाते. पण बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय काढले तेव्हा कला आणि विज्ञान दोन्ही शिकवायला काढले. प्रयोगशाळा आपल्याला परकी नाही. नकाशे, अहवाल, उपग्रहाची चित्रे यांवरच उद्या घरे राहणार की पडणार ते ठरणार आहे. ती भाषा आपल्याला वाचता आली नाही, तर ती आपल्याविरुद्ध वाचली जाईल.

तेव्हा तरुणांनो, तीन कामे करा. पहिले, आपल्या वस्तीतल्या नाल्याचा एकाच जागेवरून दर महिन्याला फोटो घ्या, तारीख लिहा. साधा मोबाइल चालेल. दुसरे, फोटोखाली तिथे राहणाऱ्या माणसाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहा: वास कधी येतो, पाण्याचा रंग कोणत्या वारी बदलतो, कोणाच्या लेकराला खरूज झाली. तिसरे, पाण्याच्या तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागा आणि या दोन्ही गोष्टींशेजारी ठेवा. फोटो, साक्ष आणि आकडा एकत्र आले की त्या वस्तीला कोणी 'घाणीची जागा' म्हणून उठवू शकणार नाही. आधी विचारावे लागेल की घाण आली कुठून.

गावाने आपल्याला भुताशेजारी राहायला लावले, आपण घाबरलो नाही. शहराने घाणीशेजारी राहायला लावले आहे. तिथे आता आपणच नोंदवही उघडून बसायचे आहे.

जय भीम!